कांड्यांच्या टोपल्या

शरणप्पांनी टोपलीतून सुताची कांडी उचलली, तोच शेजारच्या हातमागावरून भीमा हळूच म्हणाला,

"मास्तर, ती हिरवी हाय. लाल पायजे."

शरणप्पांनी कांडी बदलली. सोलापूरच्या वेशीबाहेरच्या त्या सरकारी मनोरुग्णालयात रुग्णांना चादरी विणायला शिकवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. आता चौऱ्याहत्तर साल चाललं होतं, आणि गेली दोन वर्षं त्यांना रंगच ओळखू येत नव्हते. हे एकट्या भीमाला ठाऊक होतं. वर कळलं असतं तर नोकरी गेलीच म्हणायची.

भीमा मोडनिंब गावचा. तो बरा होऊन कितीतरी दिवस झाले होते. पण त्याला घरी सोडायचं की नाही, ते विणकाम मास्तरांच्या शब्दावर ठरे. दर सहा महिन्यांनी डॉक्टर विचारीत आणि शरणप्पा सांगत, अजून हात स्थिर नाही. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा भीमाची आई पारूबाई फाटकावरून एकटीच परत गेली. त्या दिवशी शरणप्पांना घास गिळवत नसे, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भीमाच्या शेजारी येऊन बसत. पोटासाठी माणूस किती खाली उतरतो, ते त्यांना चांगलं कळत होतं.

आज नव्या डॉक्टरीणबाई थेट मागापाशीच आल्या. पारूबाई सकाळपासून फाटकावर बसली होती.

"काय मास्तर, भीमाचं काय करायचं?"

भीमाचा माग खटखटतच राहिला. नेहमीचं वाक्य शरणप्पांच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"सोडा त्याला, बाई. हात कवाच बसलाय त्याचा."

बाईंनी तिथंच कागदावर सही केली आणि त्या गेल्या. भीमा पाया पडला आणि दाराकडे निघाला. शरणप्पांना त्याच्याकडे बघवेना, म्हणून ते उगाच टोपल्या सरकवू लागले. बोटांना काहीतरी लागलं. एका टोपलीच्या काठावर दोऱ्याची एक गाठ होती, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन.

"एक म्हंजी लाल," दारातून भीमा म्हणाला. "दोन हिरवी, तीन पांढरी. तुमचं आडायला नगं."

"कवा बांधलास रं?"

"परवा. डाक्टर यायच्या आदी दर बारीला बांधतो. तुमी न्हाय म्हनला की सोडून टाकतो."