फोनवरचा आवाज

त्या रविवारी ओव्हनमध्ये कोंबडी होती, बटाटे सोलायचे राहिले होते, आणि डेनिसबाईंना मात्र लेकीने फ्रीजपाशी उभं करून ठेवलं होतं. कार्लीला ऑडिशन चित्रित करून पाठवायचं होतं. मोबाइल पावाच्या डब्याला टेकवलेला, आणि समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला आई.

"किती येळा त्येच त्ये वाचू गं? कोंबडी करपायची," डेनिसबाई कुरकुरल्या.

"करपू दे. ह्यातली पोरगी म्हंजी तूच हाईस. अजून एकदा."

ते खरंच होतं. चित्रपट त्यांच्या ग्रिम्सबीचाच, म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या त्या मासळीच्या गावाचाच होता आणि नायिका मासळीच्या कारखान्यात मासे कापणारी. डेनिसबाईंचं उभं आयुष्य त्याच कामात गेलं होतं. कार्लीला मात्र लंडनच्या नाट्यशाळेने घासूनपुसून शुद्ध बोलायला शिकवलं. त्याशिवाय पडद्यावर राणी, वकील, डॉक्टर व्हायला मिळत नाही म्हणे. ती शिकली, तरी वाट्याला आल्या दोन मोलकरणी, एक व्यसनी मुलगी आणि पहिल्याच प्रसंगात मरून पडलेली एक बाई. राणीच्या आणि वकिलाच्या भूमिका जन्मजात तसं बोलणाऱ्यांच्याच घरी जायच्या. आता पहिल्यांदाच तिला तिचं घर कामी येणार होतं.

दोनदा लंडनहून बोलावणं आलं. दिग्दर्शक खूश दिसला. कार्लीला जेवण जाईना, झोप लागेना, फोन वाजला की हातातलं खाली पडायचं. शेवटी तिची एजंट फिलिपा हिने बातमी दिली. भूमिका ऑक्टेव्हिया प्रिडो या बड्या घरच्या नटीला गेली होती, कारण पैसा लावणाऱ्यांना ओळखीचा चेहरा हवा होता. पण ऑक्टेव्हियाला ती बोली शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि शिकवणारीला कारखान्यातली एक छोटी भूमिका मिळणार होती. असंच चालतं, तोंड वाकडं करू नकोस, फिलिपाने समजावलं. कार्लीच्या अंगाचा तिळपापड झाला, तरी ती हो म्हणाली.

ऑक्टेव्हिया स्वभावाने गोड निघाली, हीच पंचाईत होती. ग्रिम्सबीला येताना ती फुलं घेऊन आली, दाराशी बूट काढले आणि डेनिसबाईंचं बोलणं टिपायला टेबलावर रेकॉर्डर ठेवला. डेनिसबाईंनी ठेवणीतले कप काढले होते. त्यांनी रेकॉर्डरकडे पाहिलं, पाठ ताठ केली आणि तोंड उघडलं.

"आपला प्रवास सुखाचा झाला ना? आपण साखर किती घेता?"

हा त्यांचा फोनवरचा आवाज. बँकेशी, डॉक्टरांशी, शाळेतल्या बाईंशी बोलताना तिथल्या सगळ्या आया तो काढतात. ऑक्टेव्हियाने कारखान्याबद्दल विचारलं, हसवून पाहिलं. डेनिसबाई घाम फुटेपर्यंत शुद्धच बोलत राहिल्या. रोज माशांना शिव्या घालणारी बाई चक्क 'मत्स्यव्यवसाय' म्हणाली.

शेवटी ऑक्टेव्हिया कार्लीकडे वळून हळूच म्हणाली, "त्यांना नेहमीसारखं बोलायला सांगतेस का? मला तेच हवंय."

कार्लीने आईकडे पाहिलं. कपाच्या कानात अडकवलेल्या बोटांपैकी एकाचा शेंडा सुरीने कधीच नेला होता. सुट्टीत घरी आल्यावर आईचे शब्द सुधारणारी ती स्वतःच होती, हे आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बोलीची या लोकांनी लाज वाटायला लावली, तीच आता त्यांना हवी होती, फक्त दुसऱ्याच्या तोंडात. तिने रेकॉर्डर बंद केला.

"न्हाई सांगणार," ती म्हणाली, आणि लंडनचं बोलणं गळून पडलं. "ती अशी बोलतीया, कारन तुझ्यासारख्यांचं तिला भ्या वाटतं. त्ये भ्या जाईल तवा बोलंल. तवर ही बोली उसनी मिळायची न्हाई. च्या पी आन् जा."

ऑक्टेव्हिया लाल झाली, तिने माफीही मागितली. भूमिका सोडते असं मात्र ती म्हणाली नाही. कार्लीची छोटी भूमिका गेली, आणि माझ्यापायी गेली म्हणून डेनिसबाई रडल्या.

पुढच्या रविवारी मोबाइल पुन्हा पावाच्या डब्याला टेकला. या वेळी भूमिका न्यायाधीश बाईंची होती आणि उच्चार शुद्ध हवेत असं बजावलेलं होतं. कार्ली ग्रिम्सबीच्या बोलीतच निकाल वाचू लागली. डेनिसबाई कागद धरून थबकल्या.

"अगं, न्यायाधीश असं बोलत्यात व्हय?"

"का? आपल्या बोलीत न्याय देता येत न्हाई?"

  डेनिसबाईंनी ओव्हन बारीक केला, घसा साफ केला आणि वकिलाचं वाक्य आपल्या रोजच्या आवाजात वाचलं.