सरसकट अठरा

बाळापूरजवळच्या त्या कॉलेजात प्रात्यक्षिकाचे गुण द्यायची रीत मोठी सोपी होती. क्लार्क संतराम कॉम्प्युटरवर पहिल्या नावापुढे अठरा टाकायचा आणि माउस धरून खाली ओढायचा. वीसपैकी अठरा, एकतीस जणांना, एका दमात. सब घोडे बारा टक्के! बाहेरचे परीक्षक जेवून, सही करून गेले की काम फत्ते.

या वेळी छापील यादीवर सही करताना रसायनशास्त्र शिकवणारी करुणा सतराव्या नावावर थबकली. संगिता राठोड. ही पोरगी सोमवारी परीक्षेला आलीच नव्हती. तरी अठरा!

करुणा तासिका तत्त्वावर नोकरीला होती. दर जूनला प्राचार्यांच्या मर्जीने पुन्हा लागायची. चार वर्षं तिने असल्या याद्यांवर मुकाट सह्या केल्या होत्या आणि दर वेळी तिला स्वतःचीच किळस आली होती. आज पाच वाजता विद्यापीठाचं पोर्टल बंद होणार होतं. गैरहजर लिहावं तर पोरीचं वर्ष जाणार, सही करावी तर आणखी एक खोटं. निदान एकीचे गुण तरी खरे देऊ, म्हणून तिने फोन लावला.

“संगिता, आत्ताच्या आत्ता ये. परीक्षा घेते तुझी.”

“मॅडम, सोमवारी हळद शिजवायच्या कुकरचा आमचा नंबर होता, म्हणून न्हाई आले. निघालेच बघा!”

तांड्यावरून जीपला लटकत ती पोचली तेव्हा सव्वाचार झाले होते. हात कोपरापर्यंत पिवळे. ब्युरेट भरताना सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब बोटावर पडला आणि बोट लाल झालं. पोरगी दचकली. करुणाने तिचा हात नळाखाली धरला, तेवढ्यात संगिताच म्हणाली, “अल्कलीनं हळद लाल होते. व्हय ना मॅडम?”

करुणाला भरून आलं. या प्रयोगशाळेत चार वर्षांत कुणी स्वतःहून काही ओळखलं नव्हतं. पण पुढे घाईत संगिताने तोटी जास्त सोडली. फिकं गुलाबी व्हायचं ते द्रावण गडद झालं.

“चुकलं का?”

“चुकलं. थेंबाथेंबाने सोडायचं असतं.”

छापील अठराशेजारी करुणाने पेनाने तेरा लिहिले. कमी होते, पण कमावलेले होते.

पाचला दहा कमी असताना प्राचार्य तातेराव सरांनी यादी बघितली. ओरडले असते तर परवडलं असतं.

“मॅडम, तीस जणांना अठरा अन् हिलाच तेरा? एम.एस्सी.च्या प्रवेशाला ही एकटी मागं पडंल. खरेपणा तुमचा, तकलीफ लेकराला.” मग हळूच म्हणाले, “अन् जून काय लांब न्हाई.”

जूनचं तिने एकवेळ सोसलं असतं. पण लेकराचं ते बोलले ते खोटं नव्हतं, आणि त्याचाच तिला संताप आला. सगळ्यांचीच पुन्हा परीक्षा घ्या, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पाचला चार कमी होते. तिने तेरा खोडले, सही केली. संतरामने बटण दाबलं.

संगिता दारातच उभी होती. “किती पडले, मॅडम?”

“अठरा.”

पोरगी हसली नाही. पुढे येऊन तिने टेबलावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. आपल्या नावावर बोट ठेवलं.

“हे अठरा तर आधीच छापेल होते,” ती म्हणाली. “मंग मला काहून बोलावलं, मॅडम?”