रुक्मिणबाईचा डबा

“हे घ्या काकू. आता घासणं न्हाई की धुणं न्हाई,” म्हणत व्यंकटीनं प्लास्टिकच्या पिशव्यांचं बंडल ओट्यावर ठेवलं.

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “ह्यात आमटी?”

“हाव. कोपऱ्यावरच्या मेसवाल्याचं समदं ह्यातच जातंय. पोरं खाऊन राहिले, फेकून राहिले. कटकट न्हाई.”

व्यंकटी आमच्या खानावळीचे डबे त्याच्या रिक्षातून ट्युशन एरियातल्या होस्टेलांवर पोचवायचा आणि संध्याकाळी रिकामे डबे गोळा करून आणायचा. रिकामे आपलं म्हणायचं. आईचा डबा कधी रिकामा परत येत नसे.

शेजारणीकडून वाटीभर काही आलं, तर वाटी परत करताना तिच्यात काहीतरी घालायचं, ही आमच्या गावची रीत. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. लातूरला येऊन खानावळ घातल्यावर आईनं ती डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना लावली. नवीन पोरगा पैसे भरायला आला की ती सांगायची, “डबा पुसून पाठवायचा, अन् मोकळा पाठवायचा न्हाई.” पोरगा आधी माझ्याकडे बघायचा, मग दाराकडे. पण आठवडाभरात डब्यांतून फुटाणे यायचे, पेरूची फोड यायची, मोसंबीची गोळी यायची. गोळीचा कागद काढलेला असायचा, कारण कागदासकट आलेली गोळी आई दुसऱ्या दिवशी तशीच परत पाठवायची. भोकरचा यज्ञेश नावाचा एक पोरगा होता. चाचणीत मार्क कमी पडले म्हणून रागारागानं त्यानं डब्यात एक हिरवी मिरची टाकून दिली. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात ठेचा गेला. “सांग त्याला, तुझ्याच मिरचीचा हाय,” आईनं व्यंकटीकडे निरोप दिला.

संध्याकाळी हे सगळं एका जुन्या, एका बाजूनं चेपलेल्या कडीच्या डब्यात जमा व्हायचं. गल्लीतलं कुणी लेकरू आलं की त्यातून मूठभर त्याच्या हातावर. डब्यावर नाव घातलं होतं: रुक्मिणबाई.

रुक्मिणबाई गावाकडची आमची शेजारीण. भूकंपाच्या त्या वर्षी गणपतीत तिनं आम्हाला शेंगदाण्याचे लाडू पाठवले होते. आईनं डबा घासला, साखर भरली आणि उद्या देऊ म्हणून फळीवर ठेवला. विसर्जनाला आम्ही मुरुडला आत्याकडे गेलो. सकाळी परतलो तेव्हा गाव नव्हतं. रुक्मिणबाई नव्हती, आणि तो डबा घ्यायला त्यांच्या घरात कुणीच उरलं नव्हतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या घराचे दगड उपसले तेव्हा तो चेपलेला डबा निघाला. कडी लागलेलीच होती. साखरेत मातीचा कणही गेला नव्हता.

तो डबा आईनं त्यानंतर कधी रिकामा होऊ दिला नाही.

व्यंकटीनं पिशव्या आणल्या तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. नळ कधीच आटले होते, टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि शहराला रेल्वेनं पाणी येत होतं. मी सुट्टीला नांदेडहून आले होते, पण निम्म्या बादलीत अंघोळ करायला शिकण्यातच सुट्टी सरत होती. रोज डबे घासायचे, तर पाणी कुठून आणायचं? शिवाय पिशवीत पार्सल देणाऱ्या मेसकडे आमची पोरं वळायला लागली होती. त्यांना परत काही द्यावं लागत नव्हतं.

“राजकन्या, हट्ट सोड,” दादा आईला नावानं हाक मारत म्हणाले. “पाणी पेयाला न्हाई अन् तू डबे घासून राहिलीस. अशानं खानावळ बंद पडंल.”

दादांचं चूक नव्हतं. आईलाही ते कळत होतं. खानावळ गेली तर तिच्याजवळ काय उरणार होतं, हेही.

“बघू उद्याच्याला,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमटी पिशव्यांतून गेली. आईनं प्रत्येक पिशवीला गाठ मारली आणि लुगड्याला हात पुसत बसून राहिली. डबे भरायचे नव्हते, हाताला कामच उरलं नव्हतं. मग व्यंकटी निघता निघता ती त्याला म्हणाली, “पोरांना सांग, पिशव्या परत द्या म्हणावं.”

व्यंकटीला वाटलं ती गंमत करतेय. पण संध्याकाळी तो आला तो पोतंभर पिशव्या घेऊन. “काकू, समदे हसून राहिले माझ्यावर,” तो म्हणाला. पोरांनी हसत का होईना रीत पाळली होती. तेलकट पिशवीच्या तळाशी दोन शेंगदाणे घालून वर गाठ मारलेली होती.

आईनं शेंगदाणे काढले आणि पिशव्या धुवायला घेतल्या. स्टीलच्या डब्याला चुलीतल्या राखेचा कोरडा हात फिरवला, की वरून तांब्याभर पाणी पुरायचं. पिशवीचा तेलकटपणा राखेला दाद देईना. ती उलटी कर, चोळ, पुन्हा चोळ. बादली संपली, दुसरी काढली. मग सगळ्या पिशव्या अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या.

दादा बाहेरून आले आणि दारातच थांबले.

“ह्या पताका कशाच्या? लगीन हाय का कुणाचं?”

“वाळल्याबिगर परत भरू कशा?”

“आगं, भरायच्या न्हाईत. फेकायच्या.”

“कुठं?”

“कुठं म्हंजी? फेकायच्या म्हंजी फेकायच्या.”

“ते खरं. पण कुठं, ते सांगा ना.”

दादांनी नालीकडे पाहिलं, मग पलीकडच्या मोकळ्या प्लॉटकडे, जिथं शेजारच्या पंचाक्षरी आप्पांची शेळी कसलीतरी पांढरी पिशवी चघळत उभी होती. ते आत गेले. रिकाम्या बादल्या त्यांनीही पाहिल्या असाव्यात. जेवताना म्हणाले, “डबेच दे उद्या.”

डबे गेले. सोबत नवा निरोप गेला: होस्टेलवर पाणी लावायचं नाही, भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं डबा आतून पुसून तो तुकडा खायचा. घरी आई राखेनं घासायची आणि विसळलेलं पाणी कढीपत्त्याला घालायची. निम्मी पोरं गेली ती गेलीच. उरलेल्यांसाठी आई तेवढ्याच मनानं भाकरी थापायची. तिची दुपार मोकळी झाली. तिनं जुन्या चादरी फाडून पिशव्या शिवल्या, गल्लीत वाटल्या, आणि दूधवाल्यालाही बजावलं की आमच्या घरी केटलीतूनच दूध घालायचं. मी आईला एवढं निवांत कधी पाहिलं नव्हतं. उरलेलं बंडल व्यंकटीनं रिक्षात ठेवलं. “कुणा पोराला उलटी झाली तर कामाला येतंय,” तो म्हणायचा.

त्यानंतरही खानावळ बरीच वर्षं चालली.

ह्या पौषात एका दुपारी डबे रवाना करून आई जरा आडवी झाली, ती उठली नाही.

कार्य उरकलं, पाहुणे पांगले, तेव्हा कुठं व्यंकटी त्या दिवशीचे डबे घेऊन आला. ओट्यावर मांडून तो बाजूला उभा राहिला.

“ताई, म्या पोरांना सांगितलं होतं, दुखाच्या घरी काई घालून देऊ नका म्हणून,” तो म्हणाला. “आता काय केलंय कुणास ठाऊक.”

दादा भिंतीला टेकून बसले होते. “उघड,” ते म्हणाले.

मी एकेक झाकण काढलं. साखर. साखर. फुटाणे. पुन्हा साखर. एका डब्यात मोसंबीच्या दोन गोळ्या, कागद काढलेल्या, तळाला चिकटलेल्या. एक डबा मात्र रिकामा होता. कुणीतरी नवीन असेल, रीत माहीत नसेल. आईनं त्याला दुसऱ्या दिवशी दोन घास भाजी जास्त घातली असती.

मी रुक्मिणबाईचा डबा खाली काढला. त्यात आईनं शेवटी घातलेले शेंगदाणे होते. त्यांच्यावर सगळं ओतलं. दादांनी हात पुढे केला, मी मूठभर त्यांच्या हातावर ठेवलं, मूठभर व्यंकटीच्या. दोघंही सावकाश चावत राहिले.

मग मी कडी लावली आणि डबा फळीवर ठेवला. चेपलेली बाजू भिंतीकडे आणि नाव बाहेर, आई ठेवायची तसा.