बैठकीतली एकटी

“‘सांगण्यात आलं’ हे पांघरूण आहे, पोरी. ओढून काढण्याआधी खाली कोण निजलंय ते बघ.”

पेपरातल्या उपसंपादनाचे प्रमुख एल्कना असं म्हणाले होते, तेव्हा उपसंपादक निरितने हसून कॉफी ढवळली होती. राजकीय पानावर सगळंच ‘ठरवण्यात आलं’, ‘समजतं’, ‘होणार आहे’. करणारा कुठेच नाही. गुरुवारी वार्ताहराच्या तोंडून, नाव गुप्त ठेवलेल्या सूत्राबद्दल, “तिने स्वतः ऐकलंय” असं निघालं आणि निरितने ‘सांगण्यात आलं’ खोडून लिहिलं: ‘मंत्र्यांना सगळं ठाऊक होतं,’ बैठकीला हजर असलेली अधिकारी म्हणाली.

आता शुक्रवारची संध्याकाळ. होलोन शहरातल्या आपल्या स्वयंपाकघरात बाळाला कडेवर घेऊन ती तेच पान पाहत होती. बातमीशेजारी त्याच बैठकीचा फोटो छापला होता. टेबलाभोवती सहाजण, पाच पुरुष आणि डोक्याला रुमाल बांधलेली एकच बाई.

वार्ताहराने दुपारपासून त्या बाईला दहा फोन केले होते. शुक्रवारी सूर्यास्तापासूनचा शब्बाथ हा ज्यू विश्रांतिदिवस पाळणारी, तिचा फोन उद्या तिन्हीसांजेपर्यंत बंद. तिच्या जेरुसलेमला जाणाऱ्या बसही शब्बाथमुळे थांबल्या होत्या, निरितचा नवरा गाडी घेऊन राखीव सैन्यात. निरितने खिडकीची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

फोन वाजला. ती दचकली. फोगेल होते, पेपरातल्या चुका सांगायला दर शुक्रवारी न चुकता फोन करणारे जेरुसलेमचे म्हातारे वाचक. शब्बाथचं सोवळं त्यांना नव्हतं.

“आज चूक नाही, शाबासकी द्यायला केलाय,” ते म्हणाले. “निदान एकदा तरी तुमच्या पेपरात कुणीतरी काहीतरी म्हणालं. आणि कोण ते ओळखलंसुद्धा मी. फोटोतली ब्रुरिया ना? आमच्याच जिन्यातली, वरच्या मजल्यावर राहते. फार कमी बोलते हो. ती बोलली म्हणजे खरंच असणार.”

निरितने बाळाचं डोकं खांद्याशी घट्ट धरलं.

“तुम्ही कुणाला बोललात हे?”

“मी कशाला बोलू? खाली दोघं आले होते सकाळी, तिचं दार कुठलं म्हणून विचारत. पेपरवाले असतील. तुमचेच ना?”

बाळ कुरकुरलं.

“निरित? आहेस ना?”

“फोगेल, आमचं कुणी आलेलं नाही. आत्ता वर जाऊन बघाल ती कशी आहे?” ती म्हणाली. “बेल दाबू नका, शब्बाथला विजेच्या बेलवर ती दार उघडणार नाही. हाताने वाजवा. आणि आधी तुमचं नाव सांगा.”