बारा डहाळ्या, बारा चिठ्ठ्या

खुटबावच्या अंजनाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पानाची कडा दाखवली की ती ठसक्यात 'पर्णधारा' म्हणायची. शिकवलं कुणी? पोरीनं, दुसरं कोण शिकवणार! प्रगती नववीत होती आणि शाळेत पानांची वही करायची होती. बारा झाडांच्या डहाळ्या वाळवायच्या, प्रत्येकीखाली पानाच्या रचनेची चिठ्ठी लावायची. झाडाचं नाव लिहायचं नाही. नाव काय, शेळीलाही ठाऊक असतं, असं बाई म्हणाल्या होत्या. संध्याकाळी अंजना भाकरी थापायची आणि पोरगी शेजारी बसून बडबडायची. "आई, ज्वारीच्या शिरा बघ, सरीवानी एकीशेजारी एक. समांतर. आन् पिंपळाच्या जाळीदार." अंजना मागनं म्हणायची, चुकायची, आणि दोघी हसून बेजार व्हायच्या.

मग चार दिवसांच्या तापात पोर गेली. डेंगी म्हणाले. चौदा वर्षं वाढवलेली पोर, चार दिवसांत! काय बोलावं माणसानं?

डहाळ्या गादीखाली रद्दीत दाबून ठेवल्या होत्या. रद्दी रोज बदलली नाही तर पानाला बुरशी धरते, हे अंजनाला पाठ होतं. माती झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती कागद बदलायला बसली. डहाळी उचलायची, तिची चिठ्ठी उचलायची, कोरड्या कागदावर तशीच ठेवायची. बाया कुजबुजल्या, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. झाला असेल! सोमवारी वही शाळेत द्यायची होती, एवढंच तिला कळत होतं.

पोरीच्या जलदानाच्या विधीला पाहुणे यायचे म्हणून धाकटी जाऊ सीमा आदल्या दिवशी घर आवरायला आली. गादी उचलली, खाली रद्दीचा गठ्ठा दिसला. तिनं तो अंगणात नेऊन झटकला. डहाळ्या एकीकडं, चिठ्ठ्या भलतीकडं. अंजनानं असा हंबरडा फोडला की आख्खी आळी धावली. पोर गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

"अक्का, मला वाटलं पाचोळा हाय," सीमा रडतच म्हणाली. तिचा तरी काय दोष?

नवरा महेंद्र कुरकुंभच्या कंपनीत कामाला. त्यानं सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि ओट्यावर बसून एकेक वाचायला घेतली.

"समांतर शिराविन्यास."

"ज्वारी."

"संयुक्त पान, पर्णिका दंतुर."

"कडुलिंब. बारकी दिसत्यात ती पानं न्हाईत, समदी मिळून एकच पान हाय. तीच म्हणायची."

महेंद्र बायकोकडं बघतच राहिला. एवढं हिला कधी आलं, त्याला पत्ताच नव्हता. असं करत दहा जुळल्या. उरल्या दोन, कण्हेरीची आणि जास्वंदीची.

"आवर्ती," त्यानं वाचलं. अंजनानं दोन्ही डहाळ्या उचलून पाहिल्या. "एकांतरित." तिनं त्या खाली ठेवल्या.

"आठवंना व्हय?"

"आठवंल कुठनं? सांगितलंच न्हाई तिनं." अंजना म्हणाली. "सांगाय आली व्हती वो. म्या कांदे काढून आले व्हते, कंबर मोडली व्हती. म्हणलं, ऊठ इथनं, पानं बघून पोट भरतंय व्हय? दोनी डहाळ्या उचलून गुमान गेली. सकाळी अंग तापलं."

महेंद्रनं खिशातून मोबाईल काढला. "त्यात काय एवढं? हे बघ, एका जागी तीन पानं येत्यात ते आवर्ती. म्हंजी कण्हेर. आन् दुसरी—"

"ठिवा तो!" ती ओरडली. "अर्थ गावंल त्यात. ती मला कशी सांगणार व्हती, ते गावंल का?"

त्यानं मोबाईल खिशात ठेवला. दहा डहाळ्या आणि त्यांच्या चिठ्ठ्या दोघांनी मिळून चिकटवल्या. उरलेल्या दोन्हींना तो डिंक लावायला गेला, तर तिनं त्याचा हात धरला.

"त्या जागा मोकळ्या ऱ्हाऊ द्या."

"अगं, बाई मार्क कापत्याल."

"कापू द्या," अंजना म्हणाली. "जात्याल ते मार्क तिचे न्हाईत. माझे हायेत."