लुईस मास्तरांचा दोर

लुईस मास्तर गेले त्याला महिना होत आला होता, आणि तेवढ्यात गावानं त्यांचा पार संत करून टाकला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण 'देवमाणूस' म्हणायचा. क्लॉडिया चहा पुढे करायची आणि मनात विचारायची, यात माझे पप्पा कुठे आहेत?

निवृत्तीनंतर मास्तर दर शनिवारी शाळेच्या पटांगणात मुलांना यमकं जुळवायला शिकवत. फळा नाही, वही नाही. किनाऱ्यावर उभं राहून जाळं ओढायचा रापणीचा जुना दोर. एका टोकाला मुलं, दुसऱ्या टोकाला मास्तर. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं जुळवायची, जुळली की सगळ्यांनी मिळून हिसका. पण नुसत्या यमकासाठी कोणी खोटं घुसवलं की मास्तर टोक सोडून देत आणि अख्खा वर्ग धपकन मातीत.

"खोटा बोललात काय दोर सुटलो," म्हणत स्वतःच हसत सुटत आणि मग सगळ्यांना गुळात घोळलेला खाजा वाटत.

तो वर्ग आता क्लॉडियाला चालवायचा होता. मुख्याध्यापक दत्तप्रसाद सरांनी परवानगीचं शोकसभेनंतर बघू म्हटलं, आणि सभेसाठी मुलांच्या हाती स्वतःची कविता ठेवली.

चौथीतली रिया कागद घेऊन धावत आली. "बाय, ह्यां खोटा आसा गो! मास्तर खंय माउली? माका तर धपाटे घाली."

"तुम्ही पोरांनी काय रचलंय?"

रियानं मुलांची कविता म्हणून दाखवली. क्लॉडिया महिन्यानं पहिल्यांदा हसली आणि ती कविता सरांकडे घेऊन गेली.

"गेलेल्या माणसाला चोरटा म्हणायचं?" सर म्हणाले. "पाहुणे येणार आहेत, मॅडम. दोर हवा तर असू दे, शोभा येईल. शब्द माझे."

सभेला पटांगण भरलं. हार घातलेल्या फोटोसमोर मुलांनी दोर धरला. मास्तरांच्या टोकाला क्लॉडिया उभी राहिली. सरांनी मान डोलावली. मुलं एका सुरात म्हणाली,

"ज्ञानाचा सागर, मायेची सावली,
मास्तरांच्या रूपी भेटली माउली!"

आणि त्यांनी हिसका दिला.

क्लॉडियानं दोर सोडला.

वीसेक पोरं एकमेकांवर कोसळली. मग मातीतून रियाचं हसू फुटलं आणि मागच्या बाकावरचे शनिवारच्या वर्गाचे जुने विद्यार्थी हसू लागले. ते तसेच पडले होते कधीकाळी.

"हे काय, मॅडम?" सर ताडकन उठले. "शोकसभा आहे ही!"

"पप्पांचा नियम आहे, सर." तिनं वाकून दोर उचलला. "रिया, तुमची म्हणा."

"चष्मो कपाळार, सोधता खंय?"

"ओरडलो काय वाटता भंय!" बाकीच्या मुलांनी जुळवलं.

हिसका बसला. क्लॉडियानं टाचा रोवल्या.

"कॅरमात चोरता, हरल्यार रुसता,"

"खाजा वाटून गालात हसता!"

दोर तळहाताला करकचून घासला. फोटोतल्या देवमाणसाकडे तिनं पाहिलंही नाही. पप्पा दोरावर होते.

"अशानं तुमचा वर्ग या शाळेत भरणार नाही," सर तिच्या कानाशी येऊन म्हणाले.

"मग किनाऱ्याच्या पुळणीवर भरेल," क्लॉडिया मोठ्यानं म्हणाली. "दोर मूळचा तिथलाच आहे."

तिनं तो मनगटाला एक वेढा देऊन घट्ट धरला.

"थांबलात कशाला? पुढची ओळ टाका रे."