हिरवा फ्यूज

आक्काच्या गॅरेजचा नियम एकच: जळका फ्यूज हातावर ठेवायचा, तेव्हाच नवा मिळायचा. डबा तिच्या टेबलाच्या कुलपात. अक्षरं तिला जेमतेम लागत, रंग मात्र पक्के. निळा पंधरा अँपिअरचा, हिरवा तीसचा.

दुरुस्तीला आलेल्या एका राखाडी गाडीने दोन दिवसांत तीन निळे गिळले. धुराच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याला झटपट तापवायला पोटात बारीक हीटर. फ्यूज उडायचा तो त्याच्याच लाइनचा. चौथा मागायला धाकटा मुलगा आला, तेव्हा आक्काने चार गिऱ्हाइकांदेखत त्याला सोलून काढलं. फ्यूज म्हणजे काय लिमलेटच्या गोळ्या, आधी दुखणं शोध म्हणाली. तो मान खाली घालून गेला.

तासाभराने डॅशबोर्डवरचा, इंजिनात बिघाड दाखवणारा दिवा विझला होता. थोरली सून गाडी फिरवून बघायला निघाली; जाता जाता लेकीला शाळेत सोडते म्हणाली.

आक्काने डबा उघडला. निळे जितके होते तितकेच. मग दिवा विझला कसा? तिने धाकट्याला हाक मारली. दुसऱ्या गाडीतून एक काढून बसवला, एवढंच तो पुटपुटला.

"रंग कुठला?"

"हिरवा."

हिरवा दुप्पट करंट सोसतो. फ्यूज आता उडणार नव्हता. जळणार होती ती तार, आणि तार जात होती पेट्रोलच्या नळीला चिकटून. तिने सुनेला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हाही नियम तिचाच, आणि सून तो इमानाने पाळत होती.

धाकट्याच्या स्कूटरवर आक्का जन्मात बसली नव्हती. त्या दिवशी बसली, त्याचा शर्ट मुठीत आवळून. वाटेत प्रत्येक राखाडी गाडी बघून तिचा जीव वरखाली होत होता.

शाळेच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी सापडली. काचा खाली केलेल्या. जळक्या प्लास्टिकचा वास बाहेरून आत येतोय, असं सुनेला वाटलं होतं. गाडीखालून धुराची बारीक रेघ निघत होती. आक्काने सुनेला किल्ली बंद करायला लावली आणि नातीला दप्तरासकट ओढून काढलं. धाकट्याने बॅटरीची तार उपटली. धूर विरला, तरी नातीचा हात आक्काने सोडला नाही.

गाडी ओढून आणली, गार होऊ दिली, वर उचलली. सेन्सरची तार धरून ठेवणारी क्लिप गायब. तार लोंबून तापल्या पाइपावर टेकलेली, वरचं आवरण वितळून तांबं उघडं पडायच्या बेतात. मीटर लावला, तर हीटरही आतून अर्धवट शॉर्ट: जिथे चार-पाच ओम हवेत, तिथे जेमतेम अर्धा.

"मला का नाही सांगितलंस?" आक्काने विचारलं.

"आगीपेक्षा तुझी भीती जास्त वाटली, आई."

नवा सेन्सर, नवी तार, क्लिप लागली. फ्यूजची वेळ आली तेव्हा धाकटा सवयीने जळका शोधू लागला. जळका नव्हताच, हिरवा धडधाकट होता.

त्याने मागण्याआधीच आक्काने निळा पुढे केला.

डब्याला त्या दिवसापासून कुलूप नाही. पण धाकटा अजून आधी तिच्या तोंडाकडे बघतो, मगच डब्यात हात घालतो.